नायजेलकाकांचं मरण

"यंदा दिवाळीला खराखुरा इंग्लिश नट आणतो!" न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये गुरुनाथने छाती ठोकून सांगितलं.

"आधी केटरर नक्की कर," त्याची बायको शैलजा म्हणाली. सेक्रेटरीपद पुन्हा गळ्यात पडल्यापासून गुरुनाथ इतका दमला होता, की त्याला टोमणेसुद्धा ऐकू येईनासे झाले होते.

नट समोरच्याच घरात राहायचा. नायजेल हॅथर्ली. लंडनच्या रंगभूमीवर आणि मग सिनेमात जन्म घालवून म्हातारपणी लेकीकडे आलेला. सिनेमा कुठलाही असो, सुरुवातीलाच नायजेलकाकांना कोणीतरी मारायचं!

"आणि मी मरायला लागलो की कॅमेरा हीरोच्या तोंडावर," काका चहा पिता पिता म्हणाले. "एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर शेवटपर्यंत मरायचंय मला."

गुरुनाथला अगदी भरून आलं. त्याने शब्द दिला: राजाच्या मृत्यूचा प्रवेश, दहा मिनिटं, आणि मध्ये कोणी येणार नाही! काकांनी महिनाभर गराजमध्ये पडून पडून तालीम केली.

कार्यक्रम नेहमीप्रमाणे लांबला. छोट्यांचे नाच, मग स्पॉन्सरांचे सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार! काकांचं नाव पुकारलं की ते घसा खाकरून राजासारखे उठत, आणि हातात कधी शाल पडे, कधी नारळ.

"आता?" ते विचारत.

"आता बसा," गुरुनाथ ओशाळून सांगे.

मग पाहुण्यांचा परिचय. तो त्र्यंबककाकांकडे. एकदा माइक हातात आला की ते सोडत नाहीत, हे अख्ख्या न्यू जर्सीला ठाऊक. नायजेलकाकांचा जन्म झाला, शाळा झाली, पहिलं नाटक झालं, तरी त्र्यंबककाका थांबेनात. हॉल बंद करायला आलेला माणूस दारात किल्ल्या वाजवत उभा! गुरुनाथने विंगेतून हात जोडले, घड्याळ दाखवलं, शेवटी वैतागून माइकच बंद केला. त्र्यंबककाकांचं एकच वाक्य राहिलं होतं. 'आता पाहुणे राजाच्या मृत्यूचा प्रवेश सादर करतील,' हे ते वाक्य.

नायजेलकाका उठले. दोन पावलं चालले, छातीवर हात दाबला आणि धाडकन कोसळले.

"अगं बाई! गेले!" अहिल्याकाकू किंचाळल्या. त्यांनी ऑफिसात नुकताच सीपीआरचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून त्या संधीची वाटच बघत होत्या. पैठणीचा पदर खोचून त्या स्टेजवर चढल्या आणि काकांची छाती दाबायला लागल्या.

"मॅडम, मला मरू द्या!"

"डोन्ट वरी! मी आहे ना!"

"काकू, ॲक्टिंग आहे ती!" गुरुनाथ ओरडत धावला, पण माइक त्यानेच बंद केलेला. तोवर अर्ध्या हॉलने नाइन-वन-वन फिरवला होता. उरलेला अर्धा हॉल व्हिडिओ काढत होता.

ॲम्ब्युलन्सचे लोक आले तेव्हा सगळा उलगडा झाला होता. काका स्टेजवर हिरमुसून बसलेले. गुरुनाथला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "वन्स मोअर!" बघता बघता सगळा हॉल ओरडायला लागला.

"मलाच म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"तुम्हालाच. आवडलं की आमच्याकडे असंच मागतात."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. "पुन्हा मर, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं रे!" म्हणत ते उठायला गेले आणि कळवळून खाली बसले. काकूंचा कोर्स पक्का होता. बरगडी चांगलीच दुखावली होती.

"सर, एक्स-रे काढावा लागेल," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला.

"फक्त दहा मिनिटं द्या!" काकांनी गयावया केली. ऐकतंय कोण? त्यांना स्ट्रेचरवर घातलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग काकांनी डोळे किलकिले करून एकवार सगळीकडे पाहिलं, खोल श्वास घेतला, एक हात हळूच खाली लोंबू दिला आणि दारापर्यंतच्या वाटेवर ते सावकाश, राजासारखे मरायला लागले. गुरुनाथला हुंदका आवरेना.

तेवढ्यात त्याला अहिल्याकाकू पदर खोचताना दिसल्या! तो आडवा गेला, दोन्ही हात पसरून बेंबीच्या देठापासून ओरडला, "काकू, प्लीज! लेट हिम डाय!"

स्ट्रेचर ढकलणाऱ्याने मागे वळून गुरुनाथला आपादमस्तक न्याहाळलं. ॲम्ब्युलन्समध्ये काकांच्या सोबतीला त्यांनी शैलजाला घेतलं.