नानांची सिनेमाची शाळा

दत्तूनानांना लग्नाचं आमंत्रण द्यायला लोक बिचकायचे. अक्षता हातात पडल्या न पडल्या की नाना विचारायचे, "आन् नवरदेव न्हाई आला तर?" आता नवरीच्या आईनं यावर काय बोलावं, सांगा.

शेवगावला ते आमच्या शेजारी राहायचे, एकटेच. उभी हयात कोल्हापुरात सिनेमा कंपन्यांची व्यवस्था बघण्यात गेली. बैलगाड्या आणा, भाड्याचे दागिने सांभाळा, शंभर माणसांचा चहा करा. उतारवयात गावी आले ते अंगणात शाळाच काढून बसले. सिनेमात जाणाऱ्यांना काम आखायला शिकवायची शाळा.

पोरं केसांना तेल चोपडून हिरो व्हायला यायची. नाना पुढ्यात कांद्याची रिकामी पेटी ठेवायचे. "ह्यो कॅमेरा. आता ह्याच्याम्होरं मानसं येळेवर कशी आनायची, बोला." पोरं पसार. टिकली एकटी माझी नणंद कुसुम. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या भाकरीवर किती दिवस काढायचे, हा घोर तिला.

"नाना, बाईमानसाला कामावर ठेवत्यात का हो?"

"ठेवत न्हाईत. ठेवाया लावू."

आणि बाहत्तरच्या दुष्काळात खरंच एक कंपनी आली. नानांनी कुसुमसाठी शब्द टाकला. मॅनेजर म्हणाला, एक दिवस बघू, जमलं तर कोल्हापूरला नेऊ. कुसुमनं आखलं, सकाळी प्रेतयात्रेचं शूटिंग, दुपारी त्याच माणसांना घेऊन लग्नाचं. गर्दीत मीही होते. बाया अशा रडल्या की तिरडीवरच्या नटालाच भरून आलं. पण नंतर चहाला कुणी हात लावीना.

"तिरडीमागं गेलो, आंगुळीबिगर तोंडात कसं घालायचं?" म्हातारी पारूबाई म्हणाली. "आन् लग्नात तर पाऊलच न्हाई टाकायची."

माणूस मेलेला नव्हता, पण रीत ती रीत. आणि आंघोळीला पाणी कुठलं? टँकर आला तर प्यायला मिळायचं. मॅनेजर घड्याळ बघायला लागला. नाना लांब लिंबाखाली पाठ फिरवून बसलेले. मध्ये पडले असते तर कुसुमची परीक्षा तिथंच बुडाली असती.

 कुसुमनं नटाला तिरडीवरून उठवलं आणि किटली त्याच्याच हातात दिली.

"पारूमावशी, ज्याच्यासाठी रडलात त्योच चहा वाटतोय. आता इटाळ कुनाचा?"

मावशीनं आधी त्याला चिमटा काढून बघितला. तो कळवळला तशी हसली आणि कप घेतला. मग सगळ्यांनीच घेतला, आणि दुपारी लग्नालाही उभे राहिले.

कुसुमला कंपनीनं नेलं. एसटीत बसवताना नाना एवढंच म्हणाले, "जेवत जा येळेवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगण झाडलं, पोती अंथरली आणि बसून राहिले. ऊन वर आलं तसे आमच्या दारात आले.

"वैनी, भाकरी झाल्या असतील तर येता का जरा शिकायला?"

"मी? मला कुठं जायचंय, नाना?"

"म्हनूनच तुमाला इचारतोय," उंबऱ्याकडं बघत नाना म्हणाले.