उडून किती?

कराची ते बसरा हे हवेतलं अंतर मी सहाशे मैल सांगितलं. ते बाराशेच्या वर आहे. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो.

विचारलं होतं आमचे शेजारी धाकू तांडेल यांनी. उमेदीच्या काळात शिडाचं गलबत घेऊन बसऱ्याहून खजूर आणणारा हा माणूस; म्हातारपणी एकच प्रश्न धरून बसला होता, "उडून किती?" संगमेश्वर उडून किती? देऊळ उडून किती? वेळणेश्वराला दिलेल्या लेकीसाठी कुणी डोळे पुसले, तर म्हणत, "रडतंस कित्याक? उडून हाकेवर हाय!" परसातली विहीरसुद्धा ते आधी उडून मोजत आणि मग चालत जात.

त्यांचा एकुलता मुलगा यशवंत बसऱ्याच्या गोदीत कारकून होता. "यापुढे पत्र कराचीपर्यंत विमानाने येईल," असं त्याने कळवलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी ऐटीत नकाशावर दोरा ताणला. प्रमाण मात्र शेजारच्या पानावरचं धरलं.

"सहाशे मैल. सहा तास."

"सा तास! आमचा वारा पडला की मस्कतातच म्हयना जायचा."

दुसऱ्या दिवसापासून तांडेल टपालकचेरीच्या पायरीवर. "तांडेल, तुमचं इमान माडाला अडकलं वाटतं!" आतला कारकून ओरडे. आधी तेही हसले. पाचव्या आठवड्यात जायचेच थांबले. विचारायचेही थांबले. आमच्या हिने मुद्दाम सांगून पाहिलं, "तांडेलकाका, सावंतांची लेक आंजर्ल्याला दिली हो." "बरा झाला," एवढंच म्हणून ते आत गेले.

त्याच आठवड्यात वर्गात तो नकाशा उघडला आणि माझी चूक दिसली. शाळा सुटल्यावर नकाशांचं पुस्तक बगलेत मारून त्यांच्या ओटीवर गेलो, ते त्यांच्यापुढे उघडून चूक कबूल केली आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

"दुप्पट?" तांडेल ताठ बसले. "म्हंजे बारा तास. काळोखात इमान उडत नाय. म्हंजे वाटेत वस्ती. वस्ती झाली की कराचीची आगबोट चुकली. ती चुकली की मुंबयची चुकली." पेरं मोजत ते आठ दिवसांवर आले. "तरीच! पोराची चूक नाय."

आठ दिवस. आणि पत्राविना पाच आठवडे गेले होते. एवढी वजाबाकी मला येते. त्यांनाही येत असावी, कारण ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक हळूच माझ्याकडे सरकवलं.

"मास्तर, आनखी कुठं चुकलाव काय? बघा जरा."

मी दोरा पुन्हा ताणला. दोनदा ताणला. दोन हजार म्हणायला काय जात होतं? पण तोंडातून निघालं, "नाही. आता बरोबर आहे."

"कसले मास्तर तुमी!" तांडेल म्हणाले. "नको तिथं चुकता, आनि पायजे तवा येक चूक करवत नाय."