सासुरवाडीतला हीटर

वडनेर भोलजीच्या सहदेवनं सासऱ्याला लिहिलेल्या पत्रात एक ओळ जास्तीची लिहिली आणि सगळा घोळ तिथंच झाला.

त्याची बायको गीता पहिल्या बाळंतपणाला साखरखेर्ड्याला माहेरी गेली होती. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी सासरे भगवानराव तिला धाडायचं नाव काढत नव्हते. कारण काय, तर थंडी. डिसेंबरचा गारठा, सहदेवच्या ट्रकची केबिन आणि तान्हं लेकरू, नाहीच म्हणाले. बरं, आठ दिवसांवर अमावस्या आणि तिच्यामागून पौष. पौषात भगवानराव लेक सासरी पाठवतील हे शक्यच नव्हतं. म्हणजे आणखी महिनाभर सहदेवनं स्वतःच्या हातच्या भाकरी खायच्या. (त्यातली एक त्यानं कुत्र्याला टाकली होती. कुत्र्यानं ती नेऊन पुरली.) पण भाकरीचं एक वेळ सोडा. पोराला त्यानं बारशाला पाहिलं होतं तेवढंच. आता ते हसत असेल, हुंकार देत असेल, आणि हे सगळं सासरे बघत असतील, या विचारानं त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणून त्यानं लिहिलं, की आपल्या ट्रकात गरम हवेचं यंत्र आहे, लेकराला काडीचीही थंडी लागणार नाही.

ही थाप नव्हती हो. ट्रक मिलिटरीच्या लिलावातला, मागं तोफा ओढून आलेला. बर्फातल्या गोऱ्या सोजिरांसाठी त्यात हीटर बसवलेला होता. इंजिनाचं गरम पाणी खेळणाऱ्या नळ्या, त्यांच्यामागं एक लहानसा पंखा, आणि केबिनमध्ये हवा यायला दोन तोंडं. ट्रक आणला त्या मे महिन्यात सहदेवनं हौसेनं तो चालू करून गावाला दाखवला होता, तेव्हा दोन म्हातारे घेरी येऊन खाली उतरले होते. त्यानंतर त्या बटणाला कुणी हात लावला नव्हता.

पत्रामागोमाग सहदेव ट्रक घेऊन सासुरवाडीला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निम्मी आळी भगवानरावांच्या अंगणात शेकोटीभोवती जमली. भगवानरावांनी सांगितलं, आधी गरम हवा दाखवा, मग लेक. सहदेवनं ऐटीत इंजिन सुरू केलं आणि बटण दाबलं. पंखा ढिम्म हलला नाही.

"फ्यूज उडाला असन, मामाजी. दोन मिंटाचं काम हाये," सहदेव म्हणाला.

ती दोन मिनिटं दहा वाजेपर्यंत चालली. फ्यूज काढला तर तो धडधाकट निघाला. तरी त्यानं सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून नवा बसवला, कारण सगळे बघत होते आणि हातानं काहीतरी करणं भाग होतं. मग वायर तपासली. वायर ठीक आहे हे त्याला ठिणगी उडून बोट पोळल्यावर समजलं. मग बटण उघडलं. त्यातली स्प्रिंग उडाली ती म्हशीच्या चाऱ्याच्या कुटारात जाऊन पडली, आणि सात माणसं कुटार चाळत बसली. शेवटी त्यानं वायरी बॅटरीलाच थेट जोडल्या. आतून नुसती घूं आली. मोटार जळाली, असं त्यानं कपाळाला हात लावून जाहीर केलं.

ओसरीवर गीता बाळाला घेऊन उभी होती. टोपडं, अंगडं, दुपटं, सगळा जामानिमा. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि निघायसाठी पेटीवर बांधून ठेवलेलं गाठोडं गुपचूप खाली काढून ठेवलं. सहदेवला वाटलं, गेला महिना.

तेवढ्यात कुणीतरी कादर मिस्त्रीला घेऊन आलं. कादर गावातली ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानं फ्यूज पाहिला नाही की वायर पाहिली नाही. वायर सोडवून ठेवली, सरळ हीटरच्या तोंडात हात घातला आणि बोटांनी चाचपत विचारलं, "सहदेवभाऊ, याची पूजा केलती का?"

"खांडेनवमीले केलती," सहदेव म्हणाला. "बायको घरी नव्हती, म्हून मीच केली."

गीता असती तर तिनं स्टिअरिंगला एक बोट कुंकू लावून काम भागवलं असतं. सहदेवचा कारभार मोठा. यंत्र म्हणून जे जे दिसेल त्याला त्यानं मुठीनं हळदकुंकू वाहिलं होतं, आणि हीटरला तर आयतं तोंडच होतं. कादरनं वाकड्या तारेनं एकेक काढायला घेतलं. सुकलेला झेंडू निघाला, पसाभर अक्षता निघाल्या, सुपारी निघाली. सगळ्यात शेवटी पात्यांमध्ये घट्ट बसलेला खोबऱ्याचा तुकडा निघाला. हाच महिनाभराचा वैरी.

जावयाच्या शब्दावर आता विश्वास राहिला नव्हता, त्यामुळे भगवानराव स्वतः आत जाऊन बसले आणि हवा येते का बघायला त्यांनी तोंड पुढं केलं. कादरनं वायर जोडली. पंखा असा फिरला की काय सांगावं. आणि आतलं सगळं कुंकू भगवानरावांच्या तोंडावर, मिशांवर आणि पांढऱ्याशुभ्र पटक्यावर येऊन बसलं. अंगणात कुणाला हसायची छाती होईना. पहिल्यांदा बाळ हसलं. सहदेवनं ते हसू पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो सासऱ्याला विसरून तिकडंच बघत राहिला.

भगवानराव मात्र शब्दाचे पक्के. मिशा झटकत ते म्हणाले, हवा गरम आहे, घेऊन जा. पण आता हे यंत्र घरी पोचेपर्यंत बंद करायचं नाही. "बंद केलं आन पुन्हा लागलंच नाही तर? तुमच्या नांदुऱ्याकडं दिवस कलल्यावर गारठा पडतो."

इतक्यात सासूबाई, अंबूबाई, केबिनमध्ये डोकावल्या. बाहेर बाराचं ऊन, आत हीटर. त्या तशाच मागं फिरल्या. "यात लेकरू नेता का वांगं भाजायला नेता?" त्यांनी विचारलं.

हीटर बंद केला तर सासरे धाडणार नाहीत, चालू ठेवला तर सासूबाई बसू देणार नाहीत. सहदेव दोघांकडं आळीपाळीनं बघत उभा राहिला. निकाल गीतानं लावला. तिनं बाळ उचललं, आईला घेतलं आणि वडनेरला जायला चिखलीची एस.टी. गाठली. एस.टी.त माणसंच इतकी दाटीनं बसतात, की तिथं थंडीला शिरायला जागा नसते. जाता जाता तिनं नवऱ्याच्या हातात बाळाच्या ओल्या लंगोटांची पाटी दिली. यंत्र चालू राहणारच आहे, तर एवढे वाळतील, म्हणाली.

दिवस मावळता ट्रक वडनेरात शिरला. सहदेव पोराला गरम हवेतून आणणार म्हणून अख्खा पार वाट बघत होता. केबिनमध्ये दोरीवर ओळीनं बावीस लंगोट, आणि त्यांच्यामधून बनियनवर, घामानं निथळणारा सहदेव. कुणी काही विचारायच्या आत त्यानं ट्रक घराकडं वळवला.

गीता तासाभरापूर्वीच, पार टाळून मागच्या वाटेनं, घरी पोचली होती. त्यानं हातपाय धुतले, मांडी घातली आणि पोराला मागितलं. गीतानं अलगद ठेवलं. केवढंसं ते ऊबदार गाठोडं, सहदेवचे डोळे भरून आले. आणि पाठोपाठ मांडी चांगलीच गरम झाली.

गीतानं वाळलेला लंगोट घेतला, बाळाला बांधला, आणि ओला नवऱ्याच्या हातात दिला.

"इंजिन बंद नाही ना केलं?" तिनं विचारलं.