तेराशे चाळीस पौंड

व्हिल्मा कुचेरानं घर घेतलं तेव्हा ते ओढायचं कशानं, हा प्रश्न तिच्या डोक्यात नव्हता. घर एकतीस फूट लांब होतं, त्याला चार चाकं होती, आत पलंग, ओटा, खरीखुरी न्हाणी आणि खिडकीशी दोघांना बसायचं टेबल होतं. आईच्या वाटणीची जमीन विकून आलेला पैसा तिनं त्यात घातला. चाळीस वर्षं गाई, मका आणि सोयाबीन यांच्यापायी वेसेली गाव सोडून फार लांब कुठं गेली नव्हती ती. आता पश्चिमेला डोंगरात जायचं आणि रोज सकाळी नव्या खिडकीतून नवं काहीतरी बघायचं, एवढंच तिला हवं होतं. विक्रेत्यानं तिच्या नवऱ्याच्या, एल्डनच्या ट्रककडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "ओढेल की!" विकणाऱ्यांच्या तोंडून 'नाही ओढणार' असं आजवर आमच्या नेब्रास्कात तरी कुणी ऐकलेलं नाही.

तो पिकअप ट्रक सोळा वर्षांचा होता. गाई विकल्या त्या वर्षी एल्डननं तो घेतला, आणि गोठ्यातली सगळी माया त्याच्यावर ओतली. दर रविवारी चर्चहून आल्यावर तो धुवायचा. व्हिल्मालासुद्धा चालवायला मिळायचा नाही, कापणीच्या दिवसांत धान्यानं भरलेले मोठे ट्रक ती कोठारापर्यंत आरामात न्यायची, पण या ट्रकचं नाव काढलं की एल्डनचं एकच उत्तर, "याचा क्लच जरा वेगळा आहे."

"हे बघ एल्डन," व्हिल्मा म्हणाली, "हा म्हातारा माझं घर ओढणार असेल तर ओढू दे. नाही तर शनिवारी याला विकायचा आणि दुसरा मोठा घ्यायचा. रविवारी निघायचं म्हणजे निघायचं."

"ओढेल! आख्खा ट्रेलर ओढेल, वर शेजारचा ऑरव्हिलही ओढेल!"

"बोलून नको, कागदावर दाखव."

मुलीची पत्रिका घेऊन बापानं जोशाकडे जावं तसा एल्डन ट्रकच्या दाराशी गेला. दाराच्या कडेला एक पिवळा कागद चिकटवलेला असतो. तो सोळा वर्षं तिथंच होता, पण एल्डननं तो वाचला नव्हता, फक्त पुसला होता. त्यावर लिहिलं होतं: माणसं आणि सामान मिळून तेराशे चाळीस पौंडांपेक्षा जास्त नको.

एल्डनचा चेहरा खुलला. तेराशे चाळीस म्हणजे भरपूर! मग तो ट्रेलरचं पुस्तक वाचायला बसला, आणि खुललेला चेहरा हळूहळू मिटला. ट्रेलर मागून नुसता ओढला जात नाही. त्याचं नाक ट्रकच्या पाठीवर टेकतं, आणि ते नाकच आठशे ऐंशी पौंडांचं होतं. ते अडकवायचं लोखंडी अवजार नव्वद. उरले तीनशे सत्तर. त्यात दोन माणसं आणि ब्रूनो कुत्रा.

दोन दिवस एल्डन न्हाणीघरातला काटा घेऊन घरभर फिरला. कॉफीचा थर्मास, कुत्र्याची ताटली, नकाशे, व्हिल्माची छत्री, सगळं तोललं. ब्रूनोला उचलून घेऊन तो काट्यावर उभा राहिला, पण आकडा पोटाआड लपला, म्हणून मग जनावरांच्या डॉक्टरकडच्या जुन्या चिठ्ठीवरून कुत्र्याचे अठ्ठेचाळीस धरले. राहिली व्हिल्मा. बायकोला वजन विचारण्याची प्रथा वेसेलीत नाही, आणि ज्यांनी ती पाडायचा प्रयत्न केला ते अजून स्वतःचं जेवण स्वतः रांधतात. त्यामुळे ती चर्चमध्ये भाज्या निवडायला गेलेली बघून त्यानं तिच्या पर्समधून गाडी चालवायचा परवाना काढला. आमच्याकडे परवान्यावर वजन लिहिलेलं असतंच. एकशे पस्तीस! एल्डननं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि तेच लिहिलं. मग न्याय म्हणून स्वतःचंही परवान्यावरून घेतलं. एकशे ऐंशी.

बेरीज केली तर सात पौंड उरले. थर्मास आणि दुपारपुरते जर्दाळू भरलेले गोड पाव, म्हणजे 'कोलाचे', त्यात बसत होते.

"जुळलं!" त्यानं कागद टेबलावर आपटला. "छत्तीसच्या छत्तीस!"

व्हिल्मानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. स्वतःच्या नावासमोरच्या आकड्याशी जरा थांबली. मग म्हणाली, "छान. उद्या सकाळी भुईकाट्यावर नेऊन बघू."

वेसेलीत भुईकाटा एकच, सहकारी धान्यकोठारापुढचा. ट्रक त्यावर उभा राहिला की समोरच्या भल्यामोठ्या बोर्डावर लाल आकडे पेटतात, म्हणजे ड्रायव्हरला बसल्या जागी दिसावेत. ते ड्रायव्हरला दिसतात, तसे रस्त्यापलीकडच्या पोस्टालाही दिसतात. शिवाय कोठाराच्या कचेरीत रोज सकाळी गावातले सहा-सात निवृत्त शेतकरी फासे टाकत बसतात. हरेल त्यानं सगळ्यांची कॉफी द्यायची. गेल्या बारा वर्षांत त्यांना फाशांपलीकडे बघण्यासारखं काही मिळालेलं नव्हतं. एकतीस फुटी घर मागं लावून कुचेरांचा ट्रक काट्यावर चढला तसे फासे टेबलावर राहिले आणि मंडळी कप घेऊन बाहेर आली. सगळ्यात पुढं ऑरव्हिल, कारण त्याच्याकडे गावातला सगळ्यात मोठा डिझेल ट्रक होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

काटा सांभाळणारा ड्वेन खिडकीतून ओरडला, "ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवा! हां, बस! किती यायला पाहिजे, एल्डन?"

"सात हजारांच्या आत! रिकामा ट्रक पाच हजार सहाशे साठ, वर तेराशे चाळीस. सहा हजार नऊशे त्र्याण्णव येईल बघ!"

बोर्ड पेटला. ७,२६०.

"काटा बिघडलाय तुझा," एल्डन म्हणाला.

"हा काटा?" ड्वेनला ते लागलं. "याच काट्यावर तू तीस वर्षं मका विकलास. तेव्हा नव्हता तो बिघडला."

"एल्डन, लेका," ऑरव्हिलनं कॉफीचा घोट घेतला, "माझा ट्रक आणू का? दोघांनाही पाठीवर घेईल. तुझ्या म्हाताऱ्यालाही, तुझ्या घरालाही."

"तू गप्प बस आणि फासे टाक जा!"

"सीटमागं काय आहे?" व्हिल्मानं विचारलं.

"कुठं काय?"

व्हिल्मा उतरली, तिनं सीट पुढं ढकलली. मागं हत्यारांची पेटी होती, बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या होत्या आणि ट्रॅक्टरचा जॅक होता.

"जुलै महिना आहे," व्हिल्मा म्हणाली. "साखळ्या?"

"डोंगरात काही सांगता येत नाही."

सगळं खाली उतरलं, व्हिल्मा परत आत बसली. ७,१६०. एल्डनला आता सूड घ्यायचा होता. तो तडक ट्रेलरकडे गेला, पुढच्या भिंतीतलं कपाट उघडलं, आणि आतून काकडीच्या लोणच्याच्या, प्लमच्या मुरांब्याच्या बरण्याच बरण्या काढून कोठाराच्या पायरीवर मांडायला लागला.

"आणि हे? डोंगरात दुकानं नाहीत?"

"दुकानातलं लोणचं खाशील तू?"

एल्डननं विचार केला. "नाही," तो म्हणाला, पण बरण्या पायरीवरच ठेवून परत ट्रकमध्ये जाऊन बसला. ७,०८०.

आता काढण्यासारखं काही उरलं नाही. ट्रक अजून ऐंशी पौंडांनी जड होता आणि आत फक्त जिवंत माल होता. ब्रूनोला उतरवलं. ७,०२०. कुत्राही चिठ्ठीपेक्षा बारा पौंडांनी वाढलेला निघाला, पण त्याला कुणी बोललं नाही.

एल्डननं बोर्डाकडे बघितलं, मग हळूच बायकोकडे. त्याच्या मनात जे आलं ते चौकातल्या प्रत्येकाच्या मनात आलं. मंडळी एकदम आभाळ बघायला लागली. एकजण म्हणाला, "संध्याकाळी पाऊस येईल बहुतेक." आभाळ कोरडं ठणठणीत होतं. ड्वेन बिचारा लाल होऊन म्हणाला, "व्हिल्मा, मी बोर्ड बंद करतो हं. तुम्ही उतरा, मग आकडा मी फक्त एल्डनला कागदावर देतो. घडी घालून."

"कशाला बंद करतोस?" व्हिल्मा म्हणाली. "विजेचं बिल आम्ही सगळे सभासद भरतो ना? राहू दे चालू."

आणि ती उतरली. बोर्ड लुकलुकला. ६,८८०.

"एकशे चाळीस," ड्वेन पुटपुटला.

"आमचा काटा पाच-पाच पौंड इकडचं तिकडं करत नाही," व्हिल्मा म्हणाली. "चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आम्हा बायकांचं वजन होतं. एकशे पस्तीस. तुमचा हा काटा मक्याचा आहे, बायकांचा नाही."

कुणी हसलं नाही, कारण आता सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. एल्डन दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

"उतर," व्हिल्मा म्हणाली.

"मी कशाला? माझं लिहिलंय ना परवान्यावर!"

"ते तू कधी लिहिलंस?"

एल्डननं ते एकोणिसाव्या वर्षी लिहिलं होतं, तेव्हा तो शाळेच्या संघातून कुस्ती खेळून नुकताच बाहेर पडला होता. त्यानंतर दर पाच वर्षांनी परवाना नवा करताना खिडकीतली बाई विचारायची, 'वजनात काही बदल?' आणि एल्डन मनापासून म्हणायचा, 'नाही.' खोटं बोलावं असं त्याच्या मनात कधी आलं नाही. त्याला खरंच तसं वाटायचं.

तो उतरला तेव्हा ट्रकनं मोठा सुस्कारा टाकला आणि त्याची मागची बाजू दोन बोटं वर आली. ६,६२०.

"दोनशे साठ," ड्वेन म्हणाला, आणि या वेळी त्यानं आवाज खाली घेतला नाही.

हशा इतका झाला की पोस्टातली बाई बाहेर आली. ऑरव्हिलला ठसका लागला, कॉफी नाकातून आली. एल्डनला वाटलं, हा काटा, हे गाव आणि आपण, सगळ्यांना धरणीनं पोटात घ्यावं. पण त्याच्या डोळ्यापुढं खरी भीती दुसरीच होती. उद्या शनिवार होता, आणि ट्रक जाणार होता.

व्हिल्मा मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. "ड्वेन, एल्डनला सोडून बाकी सगळं परत भर."

ब्रूनो चढला, ती चढली. मग हत्यारं, साखळ्या, जॅक. मग बरण्या. बोर्डावर आकडे चढत गेले आणि थांबले. ७,०००.

"काट्याला काटा," ड्वेन भारावून म्हणाला. "असं मी मक्यातसुद्धा कधी बघितलं नाही."

"जुळलं मग," व्हिल्मा म्हणाली. "ट्रक विकायची गरज नाही. एल्डन, तू माझी छोटी गाडी घेऊन मागून ये."

"मी? मागून? माझ्या ट्रकच्या? अगं, तूच ये ना मागून! हत्यारं, साखळ्या, जॅक आणि बरण्या इथं ठेवल्या की तसंही भागतंय, मोजून बघ!"

"भागतंय. पण घर माझं आहे, आणि मी खरं लिहिलं होतं. ज्यानं खोटं लिहिलं तो उतरणार." तिनं जमलेल्या मंडळींकडे बघितलं. "काय रे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑरव्हिलनं तर दोनदा डोलावली.

रविवारी चर्च सुटल्यावर ते निघाले. एल्डनचे गुडघे छोट्या गाडीच्या स्टिअरिंगला लागत होते. शिकारीला न्यायचे दोन वॉकीटॉकी रेडिओ होते, एक त्याच्याकडे, एक तिच्याकडे.

"व्हिल्मा, गियर बदल. आता. अगं, आता!"

"बदललाय."

"वाऱ्याकडे लक्ष ठेव, ट्रेलर हलेल."

"हलत नाहीये."

"क्लच जरा—"

यानंतर रेडिओ बंद झाला. एल्डन दोनशे मैल आपल्याच ट्रकचं ढुंगण बघत गेला, म्हणजे तेही दिसत नव्हतं, दिसत होती ती फक्त ट्रेलरची पांढरी भिंत. ट्रक सरळ चालला होता. कुठं अडखळला नाही, कुठं कुरकुरला नाही. एल्डनला आधी अभिमान वाटला, मग वाईट वाटलं, आणि नॉर्थ प्लॅट गावाच्या पुढं गेल्यावर त्याला भयंकर एकटं वाटायला लागलं. बेचाळीस वर्षांत तो आणि व्हिल्मा गावाबाहेरच्या रस्त्याला वेगवेगळ्या गाड्यांत कधी बसले नव्हते. कुणी 'तो बघ ससाणा' म्हणत नव्हतं. ससाणे होते, पण एकट्यानं बघायला काही मजा नव्हती.

विश्रांतीच्या थांब्यावर व्हिल्मानं ते एवढं लांब धूड एका झोकात दोन मालट्रकांमध्ये लावलं. एल्डन छोट्या गाडीतून कसाबसा बाहेर निघाला आणि सरळ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"विकून टाकू या," तो म्हणाला.

"काय?"

"ट्रक. पुढच्या गावात विकू आणि मोठा घेऊ. ऑरव्हिलसारखा. त्याच्यापेक्षाही मोठा घेऊ. मला तुझ्याशेजारी बसायचंय, व्हिल्मा. ट्रक गेला तरी चालेल."

सोळा वर्षांची माया तो तिच्या पायाशी ठेवत होता. व्हिल्मानं ट्रकच्या गरम बॉनेटवर हात ठेवला आणि थोपटलं.

"नाही रे," ती म्हणाली. "हा मी विकणार नाही."

"अगं, पण तूच तर तो विकायला निघाली होतीस!"

"तेव्हा मी तो चालवला कुठं होता? सोळा वर्षं तू मला क्लचच्या गोष्टी सांगत होतास. लोण्यासारखा आहे क्लच! आणि चढावर कसा चढतो, एक शब्द न बोलता! मला आता हाच हवा."

"मग मी?"

"तू रोज डोंगरात चाल. ऐंशी पौंड उतरले की हत्यारं आणि बरण्या खाली काढू, मग बस शेजारी. मी जागा धरून ठेवते." तिनं किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि पायरीवर पाय ठेवला. "चल, अंधारापूर्वी पोचायचंय. दिवे लाव, आणि फार जवळ येऊ नकोस, मला आवडत नाही कुणी मागं चिकटलेलं."

एल्डन परत छोट्या गाडीत शिरला. समोर ट्रक सुरू झाला, घर हललं, आणि वळणावर ट्रकची उजवी खिडकी क्षणभर त्याच्यापुढून गेली. त्याच्या जागेवर ब्रूनो ऐसपैस बसला होता. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.