मनोहरभाऊंचे सहा आकडे

आमचे शेजारी मनोहरभाऊ माणसाला नमस्कार करायच्या आधी मनातल्या मनात सहा आकडे देऊन मोकळे होतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. प्रत्येक आकडा तीन ते अठराच्या मधला. परवा लिफ्ट दुरुस्त करणारा गृहस्थ तासभर गोड बोलला आणि लिफ्ट होती तशीच बंद ठेवून निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघत मनोहरभाऊ कौतुकानं म्हणाले, "बुद्धी चार. पण छाप सतरा हो वहिनी, सतरा!"

त्यांची सगळी नोकरी नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात गेली. निवृत्त होऊन आमच्या मजल्यावर आले. मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या बायकोला, विमलला, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि तोंड जरा वाकडं झालं. तेव्हापासून ती चार माणसांत येईनाशी झाली. दार वाजलं की आतल्या खोलीत. मी गेले तरी पडद्याआडूनच, "बऱ्या आहे ना ताई?"

आईचं मन रमावं म्हणून पुण्याच्या मुलीनं एक खेळ पाठवला. विमलनं खोकं उघडलंसुद्धा नाही. मनोहरभाऊंनी उघडलं. आतलं जाडजूड पुस्तक मशीनचं मॅन्युअल वाचावं तसं वाचून काढलं, आणि दर रविवारी दुपारी मला आणि वरच्या मजल्यावरच्या सुनीताला हॉलमध्ये बोलवायला लागले. आतल्या खोलीचं दार मात्र सताड उघडं ठेवायचे.

खेळ तसा सोपा. प्रत्येकानं आपापला एक शूर माणूस रचायचा, आणि मनोहरभाऊ सांगतील त्या गोष्टीत त्याला राक्षसांशी लढवायचं. तो काय करू शकतो हे त्याच्या सहा आकड्यांवर. आणि आकडे कसे ठरवायचे, हे आमच्या भांडणावर. राक्षस कित्येक रविवार ताटकळत बसले.

सुनीता बँकेतून निवृत्त झालेली. तिचं म्हणणं, सगळ्यांना सारखे गुण द्या, ज्यानं त्यानं हवे तिथे खर्च करावे. मी म्हणायची, चार फासे टाकावेत आणि सगळ्यात लहान आकडा सोडून द्यावा. मनोहरभाऊंना दोन्ही नामंजूर. प्रत्येक आकड्याला तीन फासे, एकदाच, ओळीनं. पहिली बेरीज ताकदीची, दुसरी चपळाईची. अदलाबदल नाही.

"काहून हो भाऊजी? एक फासा जास्त टाकला तर काय बिघडते?"

"तुमच्या जन्माच्या वेळी देवानं चौथा फासा टाकला होता काय वहिनी?"

माझ्या वीरांगनेला बुद्धी सहा आली. मी रुसले. विशीत असते तर फासेच खिडकीबाहेर फेकले असते. तेव्हा मी स्वतःला सहाच्या सहा गोष्टींत अठरा द्यायची. काळा चष्मा लावून सायकलवर बर्डीच्या बाजारात निघाले की वाटायचं, सगळं बर्डी आपल्याकडेच पाहून राहिलं. पाहतच होतं. पदर चेनमध्ये अडकून अर्धा काळा झाला होता. छाप अठरा, शहाणपण तीन.

हा किस्सा मी हॉलमध्ये सांगत होते, तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. विमल. तोंडावरून पदर गुंडाळून दारात उभी.

"मले बी एक माणूस बनवून द्या," ती म्हणाली.

आम्ही सरकून तिला जागा करून दिली. मनोहरभाऊंनी फासे पुढे केले. तिनं ते डाव्या हातानं घेतले आणि हट्टानं उजव्या तळव्यावर ठेवले. तळवा कलंडला, फासे घरंगळले, असं तीनदा. ताकद चार. चपळाई तीन. काटकपणा पाच.

सुनीतानं आकडे कागदावर बारीक अक्षरात लिहिले.

"फासे बी डॉक्टरचीच फाइल वाचून आले वाटते," विमल म्हणाली आणि काठी चाचपू लागली. "चला, खेळा तुमी."

ती आता आत गेली तर पुन्हा बाहेर यायची नाही, हे तिघांनाही कळलं. मी चौथा फासा पुढे करणार, तेवढ्यात मनोहरभाऊ म्हणाले, "थांब वं. कोराडीले एक युनिट बंद पडलं की आम्ही काय नागपूर अंधारात ठेवत होतो? बाकीचे युनिट लोड उचलत होते." त्यांनी स्वतःच्या वीराचा कागद पुढे ओढला. सहांत त्यांना एकच आकडा धड पडला होता, ताकद सोळा. "यातले आठ हिचे."

"पुस्तकात असा नियम नाही हां!" सुनीता बँकेच्या सवयीनं बोलून गेली.

"आता आहे."

विमलनं नवऱ्याच्या कागदावर नजर फिरवली. "ताकद घेऊन मी काय पोते उचलू? बुद्धीतले द्या. तुमची तशीबी वापरात नाही."

आम्ही दोघी हसत सुटलो. विमलही हसली. पदर सुटला, हसू एका बाजूला कललं, आणि तिनं पदर परत ओढला नाही.

"लिहून घेतो, लिहून घेतो. पेन्सिल कुठं पडली?" म्हणत मनोहरभाऊ टेबलाखाली वाकले, ते बराच वेळ वर येईनात. पेन्सिल त्यांच्या कानावर खोचलेली मला स्पष्ट दिसत होती. मी तोंड उघडलं, तर विमलनं डाव्या हातानं माझा हात दाबला.

"शोधू द्या त्याईले," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढवून, "सांगा बरं ताई, तुमची ती बाई कोणत्या वाटेनं चालली? मी येतो तिच्यासंग."