देशमुखांच्या मुळीचा निकाल

"आज ऊन लय हाय," असं नरहरपंतांसमोर म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारायचे, "गवाह कोण?" निजामाच्या राज्यात सोनपेठच्या कचेरीसमोर बसून जन्मभर लोकांचे उर्दू अर्ज लिहिले, त्याचा हा परिणाम. साक्षीदाराशिवाय त्यांचा स्वतःच्या तापावरही विश्वास नसे. कपाळाला हात लावून बघायला मला, शेजारच्या मास्तराला, बोलावणं यायचं.

अशा माणसाला संशोधनाचं खूळ लागलं. नदीपलीकडच्या देशमुखांकडे विंचवावर एक मुळी फुकट मिळायची. ती उगाळून लावली की विष उतरतं, अशी पंचक्रोशीत ख्याती. पंतांनी ठरवलं, हे तपासायचं. खर्चासाठी सरकारकडे अर्ज केला, तोही झकास उर्दूत. हैदराबादेहून विचारणा आली की विंचू कोणत्या खात्यात येतात? पंतांनी शेतकी लिहिलं, शेतकीनं कागद आरोग्याकडे ढकलला आणि आरोग्यखातं गप्प बसलं. शेवटी देशमुखांनीच खर्च उचलला. घरची मुळी छापून येणार म्हणून त्यांना भारी हौस.

पंतांची रीत सोपी होती. कुणाला देशमुखांची मुळी उगाळून लावायची, कुणाला साधी बाभळीची, आणि कुणाला कोणती ते सांगायचं नाही. विंचू चावलेला माणूस बोंबलत यायचा आणि पंत शांतपणे विचारायचे, "कळ कुठवर चढली?" एका बाईनं तर कळ बाजूला ठेवून आधी पंतांनाच फैलावर घेतलं.

दोन पावसाळे हे चाललं. मग निबंध पुण्याच्या एका मासिकाकडे गेला. संपादकांनी कळवलं, दोघा जाणकारांनी तपासून दिला तर विचार करू. पंत खूश. दोन कशाला, त्यांनी पाच पंच जमवले आणि खरेदीखतावर घेतात तसे निबंधाखाली पाचांचे अंगठे घेतले. त्यात आमचा न्हावीही होता. निबंध साभार परत आला. पाच गवाह कमी पडले का, असं पंत मला अगदी मनापासून विचारत होते. मी काय सांगणार, कपाळ?

उरले देशमुख. स्वखर्चानं पुस्तक छापायला ते तयारच होते, पण निकाल ऐकून त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही मुळ्यांचा गुण सारखाच, म्हणजे त्यांच्या मुळीत काहीच नव्हतं. ते म्हणाले, शेवटचं पान तेवढं बदला, उद्याच छापखान्यात देतो. पंतांनी निबंध उचलला, रामराम केला आणि घरी आले.

मला रागच आला. एका पानापायी एवढी मेहनत मातीत घालता, म्हणून मी त्यांना चांगलंच सुनावलं. पंतांनी या खेपेला गवाह मागितला नाही.

"माझी कृष्णी विंचवानं गेली," ते म्हणाले. "तुमी गावात यायच्या आधी. मी मुळी आणायला पळालो. नदीला पाणी होतं, नाव भेटली न्हाई. मुळी घेऊन आलो तवर पोर गेली होती. बायको मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली न्हाई. येळेवर आला असता तर वाचली असती, म्हणायची."

पंतांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"येळेवर आलो असतो, तरी ती गेलीच असती. मास्तर, ते पान मी कसं बदलू?"