टपावरच्या एसीची चौकशी

प्लेनो, टेक्सास येथील श्री. प्रल्हाद मिराशी यांच्या घरात खोळ नसलेली वस्तू आढळत नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. मिक्सरला फुलाफुलांची टोपी आहे. नव्या सोफ्यावर जुनी चादर आहे आणि ती मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक चादर आहे. पाहुणे आले की वरची चादर काढतात. सोफा अद्याप कोणीही पाहिलेला नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात प्रल्हादने १९७४ सालचे एक मोटारघर विकत घेतले. शेगडी, पलंग आणि संडास यांच्यासह ज्यातून प्रवास करता येतो, अशा या वाहनावर त्याचे इतके प्रेम जडले की पाठीमागे त्याने स्वहस्ते 'सुनेत्रा' हे पत्नीचे नाव रंगवले. उन्हाळाभर मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी, सुचित्राबाईंनी, वाहनाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मान वर करून विचारले, "ते टपावर काय उघडं पडलंय?"

"एसी आहे, आई."

"मग असा बोडका? धूळ बसेल. पक्षी घाण करतील."

पडद्यांतून उरलेल्या जाड कापडाची खोळ त्याच दुपारी शिवून झाली. प्रल्हादने शिडीवरून टपावर जाऊन ती एसीला गळ्यापर्यंत घातली, नाड्या करकचून ओढल्या, दुहेरी गाठी मारल्या आणि तो खाली उतरला. नंतर जे पहिले कडक ऊन पडले, त्यात एसी बिघडला.

बिघाडाचे स्वरूप असे: सुरू केल्यावर थोडा वेळ उत्तम गार हवा येई, मग वरून 'ठक्' असा आवाज होई आणि त्यापुढे नुसता वारा येई, तोही भट्टीसमोर बसल्यासारखा. बराच वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास हाच क्रम प्रामाणिकपणे पार पडे.

सुनेत्राने आपली भूमिका विलंब न लावता स्पष्ट केली. "शनिवारी सकाळी ही गाडी गार असेल, तर आपण हिच्यातून ग्रँड कॅनियनला जाऊ. नसेल, तर व्हॅन रेंट करायची, मोटेलमध्ये राहायचं आणि परत आल्यावर ही विकायची. आई-बाबांना मी या कुकरमधून नेणार नाही."

"अगं, पण मागे तुझं नाव आहे."

"ते पुसून विक."

प्रल्हाद एका मोठ्या कंपनीत, बिघडलेल्या संगणक-प्रणाली दुरुस्त होईपर्यंत बैठका घेणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. त्याने तत्काळ बैठक बोलावली. तीत त्याच्याच विभागातील नागपूरचा यतीन होता आणि सासरे जगन्नाथराव होते. जगन्नाथराव सार्वजनिक बांधकाम विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. ही गोष्ट ते सांगत नसत, तर ती त्यांच्या बसण्यातूनच कळत असे.

शास्त्राप्रमाणे पहिला प्रश्न प्रल्हादने विचारला. "एसी व्यवस्थित चालत होता, तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं?"

"काहीच नाही," जगन्नाथराव म्हणाले.

"आम्ही तर हातसुद्धा लावला नाही," चहा घेऊन आलेल्या सुचित्राबाई म्हणाल्या.

"मीही काही चेंज केलं नाही," असे म्हणून प्रल्हादने हा मुद्दा निकालात काढला.

येथे कोणी खोटे बोलत होते, असा समज होऊ नये. खोळ घालणे हा बदल नव्हेच. वस्तूत बदल होऊ नये म्हणून जी घालतात, ती खोळ. मग तिलाच बदल कसे म्हणावे? हा युक्तिवाद इतका निर्दोष आहे की तो कोणाला मांडावादेखील लागला नाही.

यतीनने आतल्या बाजूची जाळी धुतली. एक्स्टेन्शनची वायर बारीक आहे म्हणून जाड आणली. मग थर्मोस्टॅटही बदलला. एसीने प्रत्येक वेळी थोडा वेळ गारवा देऊन 'ठक्' असा अभिप्राय नोंदवला.

"यार, खरं सांगू? नागपुरात या हवेला आम्ही गारच म्हणतो," यतीन घाम पुसत म्हणाला.

"सुनेत्रासमोर म्हणून दाखव."

यतीन जाळी पुन्हा धुवायला घेऊन गेला.

जगन्नाथरावांनी स्थळपाहणीचा आग्रह धरला. त्यानुसार अंगणात खुर्ची आणि तिच्यावर छत्री मांडण्यात आली. खुर्चीतून टप दिसत नव्हता. पण दिसत नाही म्हणून पाहणी थांबवण्याची त्यांच्या विभागात प्रथा नव्हती. पाहणीअंती ते म्हणाले, "दोष वरच्या स्तरावर आहे."

"बाबा, तेच तर. कोणीतरी वर चढायला हवं."

"कार्यकारी अभियंता चढत नाही. तो चढवतो."

प्रल्हादने यतीनकडे पाहिले.

"माझ्याकडे बघू नकोस. टप म्हणजे हार्डवेअर. आपला स्कोप आतल्या बटणापर्यंत."

स्वतः प्रल्हादने चढण्याचा प्रश्न नव्हता, कारण तो चौकशीचा अध्यक्ष होता.

त्यामुळे प्रकरण कंपनीच्या पुण्यातील टीमकडे वर्ग करण्यात आले. तिकडच्या संध्याकाळी टीममधला शैलेंद्र फोनवर आला. सर्व लक्षणे ऐकून घेऊन तो आदराने म्हणाला, "सर, आमच्याकडे हा प्रॉब्लेम येत नाहीये."

"तुमच्याकडे मोटारघर आहे?"

"नाही सर. ऑफिसचा एसी आहे. एकदम चिल्ड. तुम्ही एकदा बंद करून चालू करून बघा ना."

शनिवार उजाडला. सामान चढले, चिवड्याचा डबा चढला, एसी सुरू झाला आणि 'ठक्' करून गरम झाला. सुनेत्राने व्हॅनवाल्यांना फोन लावला आणि मोकळ्या हाताने नवऱ्याच्या हाती ओले फडके व रॉकेलची बाटली दिली. गाडीच्या मागे जाऊन प्रल्हाद 'सु'समोर उभा राहिला. तेवढ्यात सुचित्राबाई बाहेर आल्या.

"प्रल्हादराव, विकायची तर विका, पण माझी खोळ काढून द्या. कोणी बघायला आलं तर मळकी दिसायला नको. धुऊन ठेवते."

प्रल्हाद टपावर चढला, त्याने गाठी सोडल्या, खोळ खाली टाकली आणि तो जड पावलांनी परत नावापाशी आला. पहिले अक्षर पुसट झाले, तोच आतून सुनेत्राचा आवाज आला. "प्रल्हाद, माझी शाल कुठंय?"

एसी गार हवा सोडत होता. सगळे आत येऊन बसले आणि 'ठक्'ची वाट पाहू लागले. तो आलाच नाही. सामानातल्या बाटलीतले खोबरेल गोठू लागले.

"थर्मोस्टॅट," निरोप द्यायला आलेला यतीन म्हणाला. "त्याला सेट व्हायला वेळ लागतो. मी म्हटलं नव्हतं?"

"पाहणी झाली की यंत्रणा हलते," जगन्नाथराव म्हणाले.

प्रल्हादने श्रेय शांतपणे बंद-चालू करण्याला, पर्यायाने आपल्या नेतृत्वाला दिले. शैलेंद्रचे फोनवरून अभिनंदन झाले. सुनेत्राने व्हॅन कॅन्सल केली आणि ती म्हणाली, "नाव पुन्हा रंगव. नेत्रा कोण, असं लोक विचारतील."

टेक्सासच्या उन्हात खोळ लवकर वाळली. सुचित्राबाईंनी तिला इस्त्री केली.

"हं, ही चढवा. प्रवासात तर धूळ जास्तच."

"अर्थात," जगन्नाथराव म्हणाले.

"नीट बांध रे, उडायला नको," सुनेत्रा म्हणाली.

प्रल्हादने या वेळी तिहेरी गाठी मारल्या.

गावाबाहेर पडून हमरस्त्याला लागतात न लागतात, तोच टपावर 'ठक्' झाले. मग प्रल्हादने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि शास्त्राप्रमाणे विचारले, "सकाळपासून आत्तापर्यंत काय बदललं?"

"काहीच नाही," सर्वजण म्हणाले.

हे वाचून ज्यांना मिराशी कुटुंबाची कीव आली असेल, त्यांनी आपल्या टीव्हीचा रिमोट हाती घ्यावा. त्याचे आवाजाचे बटण दोन-तीनदा दाबल्याशिवाय चालत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. सेल बदलून झाले असतील. आता पिशवी काढायला हरकत नाही. मात्र ती फेकू नये. धुऊन, वाळवून पुन्हा घालता येते.